माणशी एक ब्लँकेट

९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार

आत्या चालल्या लुंबिनीला! आज जेवताना ह्यांनी स्वतःहून काढलं — “आये, औंदा तुला न्यायचीच.” माझा घास हातातच राहिला. चार वर्षं ती माउली आपल्या लेकाच्या मागं लागलीय. दरवर्षी ह्यांची यात्रा निघते आणि दरवर्षी काहीतरी निमित्त निघतं. थंडी लई हाय, जागा भरल्या, फुडच्या साली बघू. आज मात्र एकदम न्यायचीच! आत्या उठून चुलीपाशी गेल्या आणि ह्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी आणून टाकली.

दिवाळीनंतर बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, काचबिंदू आहे. उजवा गेलाच. डाव्यातलं जेवढं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी जपायचं. आत्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “मग लुंबिनी लवकर बघाय पायजे.” अंथुर्ण्याला परत येताना मी एस.टी.त रडत होते. त्या खिडकीतून ऊस बघत होत्या.

११ फेब्रुवारी, रविवार

बुद्धघोष भाऊजी येऊन गेले. बारामतीत विम्याची एजन्सी आहे त्यांची, ह्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाला लागूनच. दोघं मिळून यात्रा काढतात. सारनाथ, बोधगया, कुशीनगर, आणि शेवटी सोनौलीवरून सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनी. नावाला यात्रा! परत येताना गाडीत माणसं कमी आणि खोकी जास्त.

सगळं परदेशी. जपान, कोरिया, चीन. आपल्याकडं त्याच्यावर एवढी ड्युटी, की मिळतच नाही. मिळालंच तर मुंबईत, तेही चोरून आणि दुप्पट भावानं. आणि तिकडं म्हणे सीमेपलीकडच्या भैरहव्याच्या बाजारात उघड्यावर ढीग लावून ठेवलेत, कांद्यासारखे. घडीची छत्री आपल्या निम्म्यात. सगळी मिळून नकाशावरची एक रेघ, आणि रेघेपलीकडं गेलं की तीच वस्तू स्वस्त! मी शाळेत पोरांना नकाशे शिकवते, पण हे काही मला शिकवता यायचं नाही.

चहा घेता घेता भाऊजी सहज बोलून गेले — “वहिनी, माणशी एक ब्लँकेट, एक छत्री, एखादी वस्तू, तेवढं कस्टमवाले सोडतात. आन म्हाताऱ्या माणसाचं तर गाठोडं बी सोडाय लावत न्हाईत.”

असं होय! म्हणजे माणशीत आत्याही आल्या.

१२ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना विचारलं. चिडले. “तुला सगळ्यात वाकडंच दिसतं. जातीय ना ती लुंबिनीला? मग?”

खरं आहे. कशासाठी का नेईनात, जातायत ना.

मग हे म्हणाले, “तुला काय आणू?” काही नको म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, “विजेवर भात शिजवायचं भांडं मिळतं म्हणे तिकडं.” मीही काही कमी नाही! संध्याकाळी शाळेतून आल्यावर चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे लिहायला काय लाज.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

निघाले सगळे. दौंडपर्यंत जीप, पुढं रेल्वे. शेजारची तानूबाईही गेली. आपल्या शंभराचे तिकडं एकशेसाठ मिळतात, हे ऐकल्यापासून तिला वाटतंय साठ रुपये फुकटच आहेत. सांगून दमले — अगं, तिथल्या किमतीही तिथल्याच रुपयांत असतात! “आसू दे की,” म्हणाली, “हातात जास्त दिसत्यात तरी.”

आत्यांनी पांढरं पातळ नेसलं होतं, दीक्षेच्या दिवशी नेसल्या होत्या तसं. कळसला माहेरी त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा नुकतं लग्न झालेलं. त्यानंतर आमच्या वस्तीत जन्मलेलं पहिलं पोर म्हणजे हे. त्यांची सासू म्हणत होती खंडू ठेवा. आत्या हटून बसल्या — धम्मदीपच! अजून सांगतात, सांगताना अजून फुगतात.

ह्यांना डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिली आणि दोनदा बजावलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

घर मोकळं मोकळं. मोनाली आजीच्या गोधडीत झोपतेय.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज लुंबिनीत असतील! मोनालीनं पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं — अशोकाचा खांब, तळं, झाड. मी मनातल्या मनात आत्यांना त्या झाडाखाली बसवून बघितलं. बरं वाटलं. फार दिवसांनी ह्यांच्याबद्दलही बरं वाटलं.

१ मार्च, शुक्रवार

आले. आधी खोकी उतरली, मग आत्या.

वाळल्यात. पण चेहरा असा, की मी पाया पडायला वाकले आणि तशीच त्यांना मिठी मारली. पदराच्या टोकाला गाठ होती. कुणाला हात लावू देत नव्हत्या. घरात बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून स्वतः सोडली. माती! “लुंबिनीची हाय. माझ्या हातानं उकारली.” मोनालीच्या कपाळाला लावली, माझ्या लावली. मला भरून आलं.

मोनाली चित्र घेऊन बसली. “आजी, खांब केवढा होता?” आत्यांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. “मला कुटं दिसतंय बाय लांबचं. पिंपळ हुता. पाण्याचं टाकं हुतं. तुजा पप्पा म्हनला, हितंच जलमलं भगवान.” तेवढ्यात ह्यांनी मोठ्यानं हाक मारून भाताचं भांडं खोक्यातून काढलं, आणि सगळे तिकडं वळलो.

भांडं सुरेख आहे. पांढरं, वर निळी फुलं. आत्यांनी हातानं चाचपलं आणि विचारलं, “भाकरी थापतं का?” लाईट नसल्यामुळं आज चुलीवरच केलं.

५ मार्च, मंगळवार

घर आहे की दुकान! ओटीवर ब्लँकेटं, पलंगाखाली छत्र्या, थर्मास, टॉर्च, कॅसेटचे टेप. आणि जाकिटं! आतून लोकर लावलेली, जाड, हिमालयात घालायची. अंथुर्ण्यात मार्च सुरू झाला, पत्रे तापायला लागले, आणि वस्तीतली पोरं जाकिटं घालून घामाघूम होऊन फिरतायत. का? तर स्वस्त मिळाली!

पण लोक येतात ते आधी मातीला. आत्या तसबिरीखाली वाटी घेऊन बसतात, येईल त्याच्या कपाळाला लावतात. नमस्कार झाला की माणूस उठतो आणि ओटीवर ह्यांच्याशी भाव करायला बसतो. आज ह्यांना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं — “लुंबिनीहून आणलेली छत्री हाय, म्हणून तुमाला या भावात.” छत्रीला लुंबिनीचं नाव कशाला? ह्यांना तसं सांगितलं. “धंदा हाय,” म्हणाले.

१० मार्च, रविवार

लिहावं की लिहू नये. लिहिते.

तानूबाई आली होती, ब्लँकेट बदलून मागायला. हे बारामतीला गेले होते. आत्या मागं परसात शेळीला पाला घालत होत्या. ब्लँकेटला कोपऱ्यात भोक. मी म्हटलं, घेताना बघायचं नाही का? तर ती तापलीच. “बगणार कवा? येका सकाळीत समदा बाजार! शनवार तर असाच गेला.”

“असाच म्हणजे?”

तिकडं सुट्टी शनिवारी असते. रविवारी नाही — शनिवारी! ह्या दोघा शहाण्यांना पत्ताच नव्हता. शनिवारी सकाळी बाजार आणि दुपारनंतर लुंबिनी, असा बेत करून गाडी नेली आणि बघतात तर शटर खाली. एका दलालानं सांगितलं, थांबा, मागच्या दारानं उघडतील. आता उघडेल, मग उघडेल. दिवसभर आमची यात्रा बंद शटरांसमोर बसून राहिली. लुंबिनी तिथून तासाभराच्या वाटेवर! पण जायचं कुणाच्या मनात येईना. आपण गेलो आणि इकडं दुकान उघडलं तर? रविवारी बाजार उघडला. सगळे तुटून पडले. मग गोरखपूरची रेल्वे गाठायची वेळ झाली.

“आणि लुंबिनी?” मी विचारलं.

तानूबाई ब्लँकेटचं भोक चाचपत बसली. “ऱ्हायली,” म्हणाली. “बोधगया झाली, कुशीनगर झालं, मानसं म्हनली चालतंय. पर तुझी सासू आयकना. सारकी आपली, कवा जायचं, कवा जायचं. मग धम्मदीपनं तिला हाताला धरून गोदामाच्या मागं न्हेली. पिंपळ हुता तितं, नळाचं टाकं हुतं. म्हनला, आये, आली बग लुंबिनी.”

“आणि तुम्ही सगळे?”

“आमी काय करनार? तिनं वंदना म्हनाय सुरुवात केली. आमी बी हात जोडलं.”

मागून आत्यांचा शेळीशी बोलण्याचा आवाज येत होता. तानूबाई मला दुसरं ब्लँकेट मागत होती. मी दिलं.

११ मार्च, सोमवार

हे म्हणाले, “कुणी सांगितलं?” पहिला प्रश्न हा! “नाही, तसं झालंच नाही” असं काही म्हणाले नाहीत. कुणी सांगितलं!

मग खूप बोलले. रेल्वे चुकली असती. सगळ्या गाडीनं मिळून ठरवलं. बुद्धघोष म्हणाले. तिचं समाधान झालं ना? बघ कशी खूश आहे. “आन तसं बी तिला दिसतंय किती?”

मी हातातली कळशी आपटली. पाणी सगळ्या ओटीवर, ब्लँकेटांखाली. ह्यांनी उचलाउचल केली नाही. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “वाकली ती, तवा मला बी वाटलं, भुई फाटावी. पर तोवर झालं हुतं.” तेवढं खरं बोलले असावेत. मोनाली आली म्हणून आम्ही दोघं ओली ब्लँकेटं वाळत घालायला लागलो, जसं काही झालंच नाही.

१२ मार्च, मंगळवार

हे म्हणतात, आईला सांगायचं नाही. मी म्हणते, सांगायचं. पण “मी सांगते” असं काही मी म्हटलं नाही. “तुम्ही सांगा” म्हटलं.

१७ मार्च, रविवार

भाताचं भांडं पहिल्यांदा लागलं. आपोआप बंद झालं, टक् करून. भात मोकळा, छान. खाल्ला. मोनालीनं दोनदा घेतला. चव लागली, हेच वाईट वाटलं.

तानूबाई सांगत होती, आपली साखर तिकडं आपल्यापेक्षा महाग. आणि तिच्या अंगावरचं इचलकरंजीचं पातळ एका दुकानदारणीनं तिथल्या तिथं विकत मागितलं. म्हणजे आपल्याला त्यांची जाकिटं हवीत आणि त्यांना आपली पातळं! दोन्हीकडची माणसं रेघेपलीकडं बघत बसलेली. तानूबाई हसत होती. मग माझ्याकडं बघून हसायची थांबली.

१४ एप्रिल, रविवार

जयंती झाली. मिरवणूक, निळे झेंडे, पोरांनी तसली जाकिटं घालून लेझीम खेळली. हसू येत होतं. मग वस्तीतले थोरले रामभाऊ आबा बोलायला उभे राहिले आणि हसू गेलं.

विहाराची मूर्ती येतेय. वैशाख पौर्णिमेला बसवायची. आठ वर्षं वस्तीनं वर्गणी काढून चौथरा बांधलाय. आबा म्हणाले, “आपल्या रंगुबाईनं भगवंताच्या जल्मठिकानची माती आणली हाय. पंचक्रोशीत कुणाकडं हाय? ती मूर्तीच्या खाली घालायची. आपली नातवंडं-पतवंडं सांगतील, आमच्या विहाराच्या पायात लुंबिनी हाय!”

टाळ्या! आत्या हात जोडून बसलेल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. यात्रेला गेलेली निम्मी वस्ती तिथं बसली होती, आणि तीही टाळ्या वाजवत होती.

१५ एप्रिल, सोमवार

ह्यांना म्हटलं, आता तरी आबांना सांगा. एकट्यात सांगा. म्हणाले, “मग मी या वस्तीत तोंड कुठं दाखवू? आन तू? मोनाली?” मग म्हणाले, “माती ती माती. माणसाच्या मनात काय हाय ते खरं.” एवढं चांगलं वाक्य एवढ्या घाणेरड्या कामासाठी वापरलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

२२ एप्रिल, सोमवार

आत्यांना घेऊन बारामतीला गेले. डॉक्टरांनी बत्ती मारून बराच वेळ बघितलं. यात्रेत थेंब नीट पडले होते का, विचारलं. आत्या म्हणाल्या, “पडलं की.” पडले नव्हते. बाटली मी मार्चमध्येच बघितली होती, जवळजवळ भरलेली. डाव्यात आता उजेड आणि अंधार एवढंच उरलंय.

मी बाहेर येऊन ह्यांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. ह्यांच्या हातातला बल्ब निसटला.

म्हणजे आता लुंबिनी बघायची कधीच नाही. पुढच्या वर्षी खरोखर नेतो म्हणाले होते. न्या! काय दाखवाल?

२८ एप्रिल, रविवार

आता सांगून काय मिळणार? त्यांच्याजवळ तेवढंच एक राहिलंय. ते मी काढून घेऊ? हा मी विचार करते, आणि मग वाटतं, हे तर ह्यांचंच बोलणं माझ्या तोंडात आलंय. मला सांगायची भीती वाटते. एवढंच. बाकी सगळं वरची मलमपट्टी.

२ मे, गुरुवार

ठरवून बसले होते. आत्या निवडत बसल्या होत्या, तांदूळ, बोटांनी. खडे बरोबर सापडतात. मी म्हटलं, “आत्या, उद्याच्या मातीचं एक...” त्या थांबल्या. चेहरा माझ्याकडं केला, अगदी समोर, जसं दिसतंच आहे. “काय गं? बोल की.”

मी म्हटलं, “पिशवीत बांधू की वाटीत नेऊ?”

आत्यांनी एक खडा वेचून टाकला आणि म्हणाल्या, “वाटीत ने.”

३ मे, शुक्रवार. वैशाख पौर्णिमा

झालं.

मूर्ती सुंदर आहे. डोळे मिटलेले. सगळी वस्ती पांढऱ्यात, कळसवरून आत्यांच्या माहेरची माणसं, बुद्धघोष भाऊजी कॅमेरा घेऊन — तोही तिकडचाच. आबांनी आत्यांना चौथऱ्यापाशी नेलं. मी वाटी घेऊन मागं. आत्यांनी वाटीत हात घातला, मूठ भरली, आणि तशीच परत वाटीत सोडली. म्हणाल्या, “माझा हात कापतोय. करुणा घालंल. मास्तरीण हाय ती, दोन शब्द बोलंल आदी.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे पांढरेफटक. तानूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता निघेल. घशापर्यंत आलं होतं, खोटं नाही सांगत.

मी बोलले ते असं — आज आपल्या अंथुर्ण्याच्या मातीत लुंबिनीची माती मिसळतेय, हे आपलं भाग्य.

टाळ्या पडल्या. मी वाटी उपडी केली. वर सिमेंटचा गिलावा, त्याच्यावर मूर्ती. आत्या हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, त्या कधीच वाजवत नाहीत.

जेवणं झाली. खीर चांगली झाली होती म्हणे.

६ मे, सोमवार

सकाळी थेंब घालत होते. आत्या मान वर करून, डोळे उघडे ठेवून बोलल्या. आवाज अगदी साधा.

“लुंबिनीत कुणी छत्रीचा भाव करतं व्हय गं? भिताडाच्या पल्याडनं समदं आयकू येत हुतं. धम्मदीप हात धरून हुभा. त्याला काय म्हनू? लेक हाय. तानूनं तुला सांगितलं, ते बी परसात आयकलं. म्हनून पुनवंला वाटी तुज्या हातात दिली. वाटलं, तू तरी बोलशील.”